टर्बो ट्रॅक्टरचे ट्युनिंग: बूस्ट, ईसीयू आणि प्रेशर सेन्सरचे गणित

पूर्व विदर्भाच्या धान पट्ट्यात ट्रॅक्टरची खरी परीक्षा जुलैमध्ये होते. पऱ्हे रोवणीला आलेले असतात, बांधीत पाणी साचलेले असते आणि चिखलणीसाठी सगळ्यांना एकाच आठवड्यात ट्रॅक्टर हवा असतो. नेमके याच काळात ‘इंजिन दम देत नाही’ ही तक्रार वाढते आणि तिच्यावर हल्ली एक नवा उपाय सुचवला जातो: ‘ईसीयू ट्युनिंग करून घ्या, बूस्टचा मोठा सेन्सर बसवा, आठ-दहा एचपी सहज वाढते.’

हा उपाय पूर्णपणे खोटा नाही. टर्बो असलेल्या इंजिनाची पॉवर संगणकातून वाढवता येते, हे खरे आहे. पण ती वाढवताना प्रेशर सेन्सरचे काम नीट समजले नाही, तर पॉवर वाढण्याऐवजी ट्रॅक्टर ऐन हंगामात बंद पडतो. म्हणून आधी यंत्रणा समजून घेऊ.

आपल्या ट्रॅक्टरला हे लागू आहे का?

भारतात १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीपेक्षा जास्त क्षमतेच्या ट्रॅक्टरना ‘ट्रेम स्टेज ४’ हे धूर उत्सर्जनाचे निकष लागू झाले. ते पाळण्यासाठी कंपन्यांनी या गटात जुना यांत्रिक डिझेल पंप काढून सीआरडीआय पद्धत आणली. यात उच्च दाबाचा पंप एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, एक हजार बारपेक्षाही जास्त दाबाने डिझेल भरून ठेवतो आणि कोणत्या इंजेक्टरने केव्हा, किती वेळ उघडायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो.

५० एचपीखालील बहुतेक ट्रॅक्टरांत अजूनही यांत्रिक पंपच आहे. चंद्रपूर, गडचिरोलीत छोट्या बांध्यांमुळे हेच ट्रॅक्टर जास्त दिसतात. त्यांना ईसीयू नाही, त्यामुळे ‘फाइल टाकण्याचा’ प्रश्नच येत नाही. अशा ट्रॅक्टरला कोणी सॉफ्टवेअर ट्युनिंगची ऑफर देत असेल, तर पुढे बोलण्याची गरज नाही. यांत्रिक पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणे हा प्रकार वेगळा आणि जुना आहे. त्यात हवा तेवढीच राहते, डिझेल वाढते आणि काळा धूर निघतो.

हे विवेचन आहे ते ५० एचपीवरील टर्बो सीआरडीआय ट्रॅक्टर आणि तशाच इंजिनाच्या हार्वेस्टरसाठी.

टर्बो काय करतो, सेन्सर काय सांगतो

डिझेल इंजिनात पॉवर डिझेलमधून येते, पण किती डिझेल नीट जळेल हे हवेवर ठरते. एक किलो डिझेल जळायला हिशेबाने साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये हवा आणि डिझेल क्षणभरात पूर्ण मिसळत नाहीत, म्हणून काळा धूर टाळायचा तर अठरा किलोंच्या आसपास हवा ठेवावी लागते. टर्बो हे काम करतो. बाहेर जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. तत्त्व तेव्हापासून तेच आहे. बदलले ते नियंत्रण.

हे नियंत्रण सुरू होते इनटेक मॅनिफोल्डवर किंवा इंटरकूलरच्या पुढच्या पाइपवर बसवलेल्या अंगठ्याएवढ्या सेन्सरपासून. गॅरेजमध्ये याला मॅप सेन्सर म्हणतात. ईसीयूमधील आकड्यांच्या तक्त्यांनाही ‘मॅप’च म्हणतात, त्यामुळे बोलताना बराच घोळ होतो. या लेखात सेन्सरला ‘बूस्ट सेन्सर’ आणि तक्त्यांना ‘फाइल’ म्हटले आहे.

बूस्ट सेन्सरला ईसीयूकडून ५ व्होल्टचा पुरवठा मिळतो. आतील पातळ पडद्यावर हवेचा दाब पडला, की तो दाबाच्या प्रमाणात साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टदरम्यान सिग्नल परत पाठवतो. ईसीयूला दाब कळत नाही, फक्त व्होल्ट कळतात. किती व्होल्ट म्हणजे किती दाब, हे फाइलमध्ये लिहून ठेवलेले असते. या लेखातील निम्म्याहून अधिक अडचणी याच एका ओळीतून निघतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. टायरचा गेज हवा भरलेली नसताना शून्य दाखवतो. बूस्ट सेन्सर तसा नसतो. तो निर्वात पोकळीपासून मोजतो, म्हणजे इंजिन बंद असतानाही वातावरणाचा दाब दाखवतो. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर उंचीवर आहे. इथे चावी चालू, इंजिन बंद अशा स्थितीत निरोगी सेन्सरने स्कॅनरवर साधारण ९७ ते ९९ किलोपास्कल दाखवायला हवेत. हा आकडा वहीत लिहून ठेवावा, पुढे तो फार उपयोगी पडतो. टर्बोने त्यावर १.२ बार म्हणजे १२० किलोपास्कल बूस्ट दिला, तर सेन्सर सुमारे २२० दाखवेल. मेकॅनिक ‘एक पॉइंट दोन’ म्हणतो आणि स्कॅनर ‘दोनशे वीस’ म्हणतो तेव्हा दोघेही बरोबर असतात.

बहुतेक सेन्सरमध्ये चौथी वायर तापमानाची असते. चंद्रपूर, ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात तिला महत्त्व आहे. दाब तोच असला तरी २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांच्या हवेत प्राणवायू सुमारे ६ टक्के कमी असतो. म्हणून ईसीयू दाब आणि तापमान दोन्ही पाहून हवेचे वजन काढतो आणि त्यानुसार डिझेल देतो. उन्हाळी नांगरटीला दुपारी इंजिन थोडे मंद वाटणे हा दोष नसतो, ते ईसीयूने केलेले संरक्षण असू शकते.

मोठा सेन्सर का बसवतात

प्रत्येक सेन्सरला मोजण्याची मर्यादा असते. समजा, मूळ सेन्सर २० ते २५० किलोपास्कल मोजतो: २० ला ०.५ व्होल्ट, २५० ला ४.५ व्होल्ट. ट्युनिंगनंतर दाब २८० वर गेला, तरी सेन्सर साडेचार व्होल्टवरच अडकून राहतो. ईसीयूच्या दृष्टीने २५० आणि २८० यांत फरकच उरत नाही. पुढे टर्बो हाताबाहेर गेला तरी कळणार नाही. म्हणून बूस्ट खरोखर वाढवायचा असेल तर मोठ्या मर्यादेचा, उदाहरणार्थ ४०० किलोपास्कलचा, सेन्सर लागतो. इथपर्यंत ट्युनर सांगतो ते योग्यच आहे.

फसगत पुढच्या पायरीवर होते. बाहेरून सॉकेट जुळले, स्क्रू बसला, म्हणून सेन्सर बदलला. पण फाइलमधील व्होल्ट-दाबाचा तक्ता जुनाच राहिला. आता आकडे पाहा.

नव्या सेन्सरचा हिशेब २० ला ०.५ व्होल्ट आणि ४०० ला ४.५ व्होल्ट असा धरू. मॅनिफोल्डमध्ये खरा दाब २२० आहे. नवा सेन्सर सुमारे २.६ व्होल्ट पाठवतो. जुन्या तक्त्यात २.६ व्होल्ट म्हणजे १४१ किलोपास्कल. ईसीयूला वाटते, हवा फारच कमी आहे. तो धूर टाळण्यासाठी डिझेल कापतो आणि पॉवर वाढण्याऐवजी पडते. ज्या इंजिनात टर्बोच्या पात्या किंवा वेस्टगेट ईसीयू स्वतः चालवतो, तिथे परिणाम अधिक वाईट होतो. त्याला २२० हवे आहेत आणि १४१ दिसत आहेत, म्हणून तो टर्बोला आणखी पळवतो. खरा दाब आणि टर्बोचा वेग वाढतच जातो, आणि ज्याने थांबवायचे तो ईसीयूच पुढे ढकलत असतो.

ही चूक इंजिन सुरू न करताही पकडता येते. वातावरणाचा दाब ९९ असताना हा नवा सेन्सर १.३३ व्होल्ट पाठवेल आणि जुना तक्ता त्याचे ६८ किलोपास्कल करेल. एवढा कमी दाब तीन हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणी, लेहच्या वाटेवर कुठेतरी असतो. ट्रॅक्टर उभा आहे मूल-सिंदेवाहीत आणि ईसीयूला वाटते आपण हिमालयात आहोत. ज्या ईसीयूत वातावरणाचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर असतो, तो ही तफावत पाहून बिघाडाचा दिवा लावतो आणि पॉवर मर्यादित करतो. याला लिम्प मोड म्हणतात.

उलटी चूकही होते. फाइल मोठ्या सेन्सरची आणि बसवलेला सेन्सर लहान. मग खरा दाब १८० असताना ईसीयूला २८४ दिसतात. भरपूर हवा आहे असे समजून तो डिझेल सोडतो. काळा धूर, तापलेला टर्बो आणि पहिल्या तासाभरात ‘काय जोर आलाय’ असे वाटणारा ट्रॅक्टर. सर्वांत जास्त नुकसान याच चुकीत होते, कारण ग्राहक खूश होऊन घरी जातो.

सेन्सर फार मोठा घेणेही बरे नाही. तेच चार व्होल्ट जास्त दाबावर पसरल्यामुळे मोजमाप भरड होते. अपेक्षित सर्वाधिक दाबापेक्षा १५ ते २० टक्के जास्त मर्यादेचा सेन्सर पुरेसा असतो.

‘पॉवर बॉक्स’ म्हणजे काय

ज्यांना फाइल बदलता येत नाही, ते एक डबी विकतात. सेन्सरच्या सॉकेटमध्ये मध्येच लावायची, दहा मिनिटांत काम. ही डबी बहुधा रेल प्रेशर सेन्सरच्या वायरवर बसते. रेलमधील डिझेलचा खरा दाब जेवढा आहे त्यापेक्षा कमी आकडा ती ईसीयूला दाखवते. दाब पडला असे समजून ईसीयू पंपाला आणखी दाब करायला लावतो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो, पण वाढलेल्या दाबामुळे डिझेल जास्त जाते.

थोडक्यात, ही डबी ट्युनिंग करत नाही, सेन्सरच्या तोंडून खोटे बोलवते. पंप, रेल, इंजेक्टर त्यांच्या ठरलेल्या दाबाच्या पलीकडे काम करत राहतात आणि संगणकाच्या नोंदीत सगळे आलबेल दिसते. धूर मर्यादेचा हिशेबही चुकतो, कारण किती डिझेल गेले हे ईसीयूला माहीत नसते. आमचे मत स्पष्ट आहे: शेतीच्या ट्रॅक्टरवर अशी डबी लावू नये. कारचा चालक पूर्ण जोर काही सेकंद वापरतो, ट्रॅक्टर रोटाव्हेटरवर सलग चार-पाच तास वापरतो. कारला जे कदाचित पचेल ते ट्रॅक्टरला पचत नाही.

फाइल बदलली तरी बूस्ट वाढेलच असे नाही

बरेच विक्रेते हे सांगत नाहीत. अनेक ट्रॅक्टरांत टर्बोचे वेस्टगेट साध्या स्प्रिंग आणि हवेच्या नळीवर चालते. ठरलेला दाब आला की पडदा ढकलला जातो, झडप उघडते आणि जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून निघून जातो. ईसीयूला त्यावर कसलाच अधिकार नसतो. अशा इंजिनात फाइलमध्ये बूस्टचा आकडा कितीही लिहिला तरी हवा तेवढीच राहते, वाढते ते फक्त डिझेल. मग मोठ्या सेन्सरवर केलेला खर्च वायाच.

म्हणून ट्युनिंगची चौकशी करताना पहिला प्रश्न हा विचारावा: या इंजिनाचे वेस्टगेट नळीवर आहे की ईसीयूवर? उत्तर देता आले नाही, तर त्या व्यक्तीच्या हाती ट्रॅक्टर देऊ नये.

वाढीव पॉवर फुकटही मिळत नाही. चांगल्या डिझेल इंजिनाला एक एचपी तासभर द्यायला साधारण पाव लिटरच्या थोडे खाली डिझेल लागते. पूर्ण भारावर दहा एचपी जास्त घेतली, तर ताशी सव्वादोन लिटरच्या आसपास जादा डिझेल धरावे. चिखलणीत तर बहुतेक वेळा पॉवर कमी पडत नाही, चाकांची पकड कमी पडते. बांधीत लोखंडी चाके घसरत असताना इंजिनाची पॉवर वाढवली, तर ती चिखल उसळण्यात आणि क्लच प्लेट जळण्यात जाते. वरोरा, राजुरा, कोरपना भागातल्या काळ्या जमिनीत खोल नांगरट करणाऱ्याला जादा पॉवरचा उपयोग होऊ शकतो. नागभीड-आरमोरीच्या बांधीत तो कमी होतो.

आधी गळती शोधावी

‘दम कमी’ असलेला टर्बो ट्रॅक्टर समोर आला, की ट्युनिंगच्या आधी तपासायच्या गोष्टी अगदी साध्या असतात.

एअर फिल्टरपासून सुरुवात करावी. चंद्रपूर परिसरातील कोळशाची धूळ, खनिज वाहतुकीच्या रस्त्यांवरील लाल धूळ, मळणीचा भुसा हे सगळे फिल्टरमध्ये जाते. फिल्टर चोंदला तर बूस्ट सेन्सरला ते लगेच कळत नाही, ही यातली मेख आहे. स्वच्छ फिल्टरमागे ९९ चा दाब असेल तर २२० करण्यासाठी टर्बोला हवा २.२ पट दाबावी लागते. फिल्टरने तो ९३ वर आणला, तर तोच २२० गाठायला २.४ पटीजवळ दाबावी लागते. सेन्सरवर आकडा तोच, पण टर्बो जास्त वेगाने फिरतो आणि हवा अधिक तापते. फिल्टरच्या डब्यावरील निर्देशक लाल झाला की फिल्टर साफ करावा किंवा बदलावा. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरची जोरदार हवा जवळून मारू नये, कागद फाटतो आणि मग धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते.

त्यानंतर टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते मॅनिफोल्ड हे रबरी होज आणि त्यांच्या क्लिपा. चिरलेला होज इंजिन मंद असताना बंद राहतो, भार आला की उघडतो आणि शिट्टीसारखा किंवा फुसफुसण्याचा आवाज येतो. जोडांवर तेलाचा ओलसर काळा डाग दिसला तर तिथे गळती असण्याची शक्यता जास्त. इंजिन बंद ठेवून पाइपमध्ये सुमारे एक बार हवा भरून जोडांवर साबणाचे पाणी टाकले, की बुडबुडे जागा दाखवतात. दोनशे-चारशे रुपयांच्या क्लिपमुळे गेलेली पॉवर परत मिळवण्यासाठी हजारो रुपयांचे ट्युनिंग करणे शहाणपणाचे नाही. गळती तशीच ठेवून केलेले ट्युनिंग तर टर्बोवर दुप्पट ताण आणते.

बूस्ट सेन्सर काढून त्याचे टोक पाहावे. ज्या इंजिनात ईजीआरमधून काही धूर परत इनटेकमध्ये येतो, तिथे काजळी आणि तेलाच्या वाफेचा चिकट थर सेन्सरच्या छिद्रावर बसतो. मग सेन्सर बरोबर आकडा दाखवतो, पण उशिरा. इलेक्ट्रॉनिक भागांसाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून तो स्वच्छ करावा. तार किंवा सुई छिद्रात घालू नये, आतील पडदा फाटतो. गोठ्याशेजारी उभ्या केलेल्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात, तेही पाहावे. चिखलणीनंतर प्रेशर पंपाने धुताना ईसीयू आणि सेन्सरच्या सॉकेटवर थेट पाणी मारू नये.

एवढे झाल्यावर स्कॅनर लावून पूर्ण भारावर ईसीयूला हवा असलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ते जवळपास जुळत असतील तर इंजिन त्याच्या मूळ क्षमतेने चालले आहे. मग खरोखर जादा पॉवर हवी का, की अवजार ट्रॅक्टरच्या मानाने मोठे घेतले आहे, याचा विचार करता येतो. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालात अनेक मॉडेलची पीटीओवर मिळणारी पॉवर आणि डिझेल वापर दिलेला असतो. जाहिरातीतील इंजिन एचपी आणि पीटीओवरची एचपी यांत फरक असतोच. तो दोष समजू नये.

योग्य ट्युनिंगचा क्रम

तरीही ट्युनिंग करायचेच असेल, तर ते कसे व्हायला हवे हे मालकाला माहीत असावे. म्हणजे काम पाहताना प्रश्न विचारता येतात.

सर्वप्रथम मूळ फाइल वाचून तिची प्रत मालकाच्या पेनड्राइव्हवर घ्यावी. ही प्रत नसेल तर परतीचा रस्ता नाही. नंतर नवा सेन्सर बसवून त्याच्या उत्पादकाने दिलेला व्होल्ट-दाबाचा हिशेब फाइलमध्ये भरावा. किती व्होल्टच्या खाली किंवा वर गेले तर सेन्सर बिघडला समजायचे, त्या मर्यादाही बदलाव्या लागतात. मग चावी चालू, इंजिन बंद, आणि वही काढावी: ९७ ते ९९ दिसलेच पाहिजेत. त्यानंतर टी-जोड लावून साधा काट्याचा गेज बसवावा आणि भार देऊन दोन्ही आकडे जुळतात का पाहावे. गेज शून्यापासून मोजतो, म्हणून त्याच्या आकड्यात वातावरणाचा दाब मिळवून तुलना करावी. इथपर्यंत पॉवर एका एचपीनेही वाढवलेली नसते, आणि तसेच असायला हवे. सेन्सर बदलून इंजिन पूर्वीसारखेच चालले, तरच पुढे जायचे.

पुढे आधी हवा, मग डिझेल. बूस्टचे लक्ष्य थोडे वाढवावे, टर्बो ते देतो का पाहावे, त्यानंतरच धूर मर्यादेच्या तक्त्यात डिझेल वाढवावे. उलट क्रम केला तर मधल्या काळात इंजिन काळा धूर ओकते. टर्बोच्या अलीकडे धुराचे तापमान मोजणारा सेन्सर बसवल्याशिवाय हे काम करू नये. सततच्या कामात ते सुमारे ७०० अंशांच्या आत ठेवावे, हा सर्वसाधारण व्यवहारी नियम आहे. बूस्टची वरची मर्यादा, जिच्यापुढे ईसीयू डिझेल कापतो, ती कधीही काढून टाकू देऊ नये. काही ट्युनर कटकट नको म्हणून ती सर्वात मोठ्या आकड्यावर नेऊन ठेवतात. ती म्हणजे घरातला फ्यूज आहे, त्या जागी तार लावण्यासारखे हे काम.

चाचणी पीटीओ डायनामोमीटरवर, पूर्ण भार देऊन किमान अर्धा तास व्हावी. रस्त्यावर रिकामा ट्रॅक्टर पळवून पाहणे म्हणजे चाचणी नव्हे. पाण्याचे तापमान पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही, ते हळूहळू चढते.

ज्यांना परिस्थितीनुसार कमी-जास्त पॉवर हवी आहे, त्यांनी नवा ट्रॅक्टर घेतानाच कंपनीने दिलेले मोड पाहावेत. उदाहरणार्थ, महिंद्राच्या नोव्हो मालिकेतील काही ट्रॅक्टरांत डिझेल सेव्हर, नॉर्मल आणि पॉवर असे मोड येतात. काम तेच, एकाच ईसीयूत वेगवेगळे तक्ते. फरक एवढाच की ते त्या इंजिनासाठी, त्या रेडिएटरसाठी आणि त्या क्लचसाठी तपासलेले असतात आणि वॉरंटी टिकते.

जंगल जिल्ह्यात धोका वेगळा असतो

पुण्या-नाशिकच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर लिम्प मोडमध्ये गेला तर संध्याकाळपर्यंत स्कॅनर येतो. सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि हा पूर नेमका रोवणीच्या दिवसांत येतो. एटापल्ली, अहेरीच्या आतल्या गावांत ईसीयूचा बिघाड म्हणजे आठ-दहा दिवस ट्रॅक्टर उभा. पऱ्हे तोवर थांबत नाहीत, वय झालेल्या पऱ्ह्यांना फुटवे कमी येतात. अशा ठिकाणी मूळ फाइल आणि मूळ सेन्सर असलेला, थोडा मंद पण भरवशाचा ट्रॅक्टर जास्त कामाचा. सेन्सर बदललाच असेल, तर जुना सेन्सर आणि जुनी फाइल दोन्ही जपून ठेवावीत. एकच परत बसवून उपयोग नाही, वर पाहिले तसे दोन्ही जोडीनेच चालतात.

दुसरा धोका आगीचा. जास्त डिझेलवर चालणारा टर्बो आणि त्याचा पाइप लालबुंद होतो. नोव्हेंबरमध्ये धान कापणाऱ्या हार्वेस्टरवर कोरडी तणस, भुसा सगळीकडे साचतो. मार्च ते मेमध्ये जंगलालगतच्या शेतात पालापाचोळा वाळलेला असतो. मूळ उष्णतारोधक पत्रे काढू नयेत, दर काही तासांनी थांबून टर्बोभोवतीचा भुसा झाडावा आणि अग्निशामक सिलिंडर जवळ ठेवावा. भारावर काम झाल्यावर इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे मंद चालवावे, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधील तेल जळत नाही.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. एमएच ३३ असो वा एमएच ३४, ट्रॅक्टर नोंदणीकृत वाहनच आहे. ईजीआर बंद करणे किंवा धूर कमी करणारी यंत्रणा काढणे हेही यात अडकू शकते. विम्याचा दावा आणि कंपनीची वॉरंटी हे प्रश्न वेगळेच. कर्जाचे हप्ते सुरू असलेल्या ट्रॅक्टरवर ही जोखीम किती घ्यायची, ते मालकाने ठरवावे.

मेअखेरच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिककडून स्कॅनरवरील चार आकडे आवर्जून लिहून घ्यावेत: इंजिन बंद असतानाचा बूस्ट सेन्सरचा दाब, पूर्ण भारावर अपेक्षित बूस्ट, पूर्ण भारावर प्रत्यक्ष बूस्ट आणि मंद गतीतील रेल प्रेशर. जुलैमध्ये ट्रॅक्टर दम देईनासा झाला, की हे आकडे फोनवरून सांगितले तरी जाणकार मेकॅनिकला बिघाड होज, फिल्टर, सेन्सर की पंपाकडे आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि यायचे झाल्यास तो योग्य सुटा भाग सोबत घेऊन निघू शकतो.